नको असलेलं टपाल: अडवायचं कुठे, फाडायचं काय

बारावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या घराघरांत जाडजूड पाकिटं यायला लागतात. पुण्याच्या, हैदराबादच्या कॉलेजांची गुळगुळीत माहितीपत्रकं, क्लासेसच्या ‘खास सवलती’, शैक्षणिक कर्जाच्या जाहिराती. पाकिटावर मुलाचं संपूर्ण नाव, घर नंबर, पेठ, पिनकोड, सगळं बिनचूक. आईवडील कौतुकानं पाकीट उघडतात, चाळतात आणि रद्दीत टाकतात. आपला पत्ता आणि पोरगं यंदा बारावीला आहे ही गोष्ट, दोन्ही मिळून त्या कॉलेजाला कळलं कसं, हा प्रश्न मात्र फार कमी घरांत विचारला जातो.

माझं म्हणणं असं आहे की नको असलेलं टपाल हा कागदाचा प्रश्न नाही, आपल्या माहितीचा आहे. म्हणून पाकीट हातात आलं की आधी एवढंच बघावं: याला माझ्याबद्दल किती माहीत आहे? काही पाकिटांवर नावच नसतं. काहींवर नाव आणि पत्ता असतो. आणि काहींना त्याच्याही पुढचं ठाऊक असतं: गाडीच्या विम्याची मुदत कधी संपते, मुलगी कितवीत आहे, घरावर कर्ज आहे की नाही. पहिल्या प्रकारात फक्त कागद वाया जातो. दुसऱ्याचा अर्थ, आपण कुणाच्या तरी यादीत आहोत. तिसरा प्रकार आला तर आपली माहिती कुठून तरी गळते आहे. मेहनत या उलट्या क्रमानं घ्यावी, म्हणजे तिसऱ्यापासून.

नाव नसलेल्या कागदांचं आधी उरकून टाकू, कारण त्यात फारसं काही नाही. पेपरात घातलेली पत्रकं टपालाची नसतातच; ती पहाटे पेपरचे गठ्ठे लावताना घातली जातात. आपल्या पेपरवाल्याला सांगून बघा, काही जण ऐकतात. दारात टाकलेली हँडबिलं कमी करायला ‘जाहिरातपत्रके टाकू नयेत’ अशी पाटी उपयोगी पडते, तिला कायद्याचं बळ नसलं तरी. टपाल खात्याचीसुद्धा ‘डायरेक्ट पोस्ट’ नावाची सेवा आहे. त्यात जाहिरातदार पैसे भरतो आणि पोस्टमन एखाद्या भागात बिननावाची पत्रकं वाटतो. त्यासाठी पोस्टमनवर चिडू नका, ते त्याचं काम आहे. आणि या कागदांना तुमच्याबद्दल काहीच माहीत नसल्यामुळे ती बिनधास्त रद्दीत टाका.

आता नाव असलेल्या पाकिटांकडे येऊ. आपला पत्ता यादीत जातो तो बहुतेक वेळा आपल्याच हातानं. गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी होम मैदानावर किंवा एखाद्या प्रदर्शनात ‘कूपन भरा, स्कूटर जिंका’ असा डबा ठेवलेला असतो. साडीच्या दुकानात बिल करताना ‘ताई, पत्ता आणि वाढदिवस सांगा, ऑफर पाठवतो’ असं म्हणतात. मिक्सरच्या वॉरंटी कार्डावर घरात किती माणसं आणि मासिक उत्पन्न किती असे रकाने असतात. क्लासच्या फुकट ‘शिष्यवृत्ती परीक्षे’च्या अर्जात शाळा, इयत्ता, वडिलांचा व्यवसाय, सगळं भरून घेतात. बारावीच्या पाकिटांचं मूळ अनेकदा इथंच सापडतं.

सोलापुरात आणखी एक मोठा झरा आहे, आणि त्याच्याबद्दल बोलणं थोडं अवघड आहे, कारण हेतू चांगला असतो. तो म्हणजे समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका. मुलीचं किंवा मुलाचं नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, शिक्षण, पगार, वडिलांचा मोबाइल, घरचा पत्ता आणि फोटो, हे सगळं एका पानावर छापलेलं असतं. शेकडो प्रती निघतात आणि आता त्याची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. सराफ, मंगल कार्यालयं, केटरर्स यांच्या जाहिराती येतात तिथवर ठीक. पण जन्मतारीख, मोबाइल आणि पत्ता या तीन गोष्टी एकत्र मिळाल्या की बँकेच्या नावानं फोन करणाऱ्याचं अर्धं काम होतं. पुस्तिका बंद करा असं मी म्हणणार नाही, तिच्यावर कितीतरी घरांची लग्नं जुळली आहेत. पण संयोजकांना एवढं नक्की सांगता येईल: पत्त्याच्या जागी फक्त शहर आणि भाग छापा, जन्मतारखेच्या जागी वर्ष पुरे, आणि संपर्क मंडळाच्या कार्यालयामार्फत होऊ द्या. ज्याला खरोखर स्थळ बघायचं आहे तो कार्यालयात फोन करतोच.

पत्ता कुणी दिला ते शोधायची एक साधी युक्ती आहे. जिथं जिथं अनौपचारिक अर्ज भराल तिथं पत्त्यात एखादं निरुपद्रवी अक्षर वेगळं टाका. घर नंबर ४२ असेल तर प्रदर्शनातल्या कूपनवर ‘४२/प्र’ लिहा, दुकानात ‘४२/दु’. पोस्टमन घर ओळखतो, टपाल पोहोचतं. चार महिन्यांनी भलत्याच कंपनीचं पाकीट ‘४२/प्र’ला आलं तर कूपनचा डबा कुणी विकला ते कळलं. मधल्या नावाच्या आद्याक्षरातही असा बदल करता येतो. मात्र बँक, आधार, पॅन, विमा, गॅस, मतदार नोंदणी अशा ठिकाणी असं काही करू नका. तिथं नाव-पत्ता कागदपत्रांशी तंतोतंत जुळलाच पाहिजे.

काही माहिती मात्र कायद्यानंच उघडी असते. मतदार यादीत नाव, वय, घर क्रमांक आणि नात्यातल्या व्यक्तीचं नाव असतं. निवडणुकीत उमेदवाराचं पत्र तुमच्या नावानं येतं ते तिथून. जीएसटी नोंदणी केलीत की व्यवसायाचा पत्ता सरकारी पोर्टलवर कुणालाही दिसतो. ट्रेडमार्कचा अर्ज केलात तर अर्जदाराचं नाव आणि पत्ता ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. शेंगा चटणीचा किंवा चादरीचा स्वतःचा ब्रँड काढणाऱ्या तरुणांनी हे खास लक्षात ठेवावं, कारण त्यानंतर सरकारी वाटावं असं पत्र येऊ शकतं: बोधचिन्ह, शिक्का, ‘नोंदणी शुल्क तात्काळ भरा’. अशा फसव्या बिलांबद्दल जागतिक बौद्धिक संपदा संघटनेनंही इशारा दिलेला आहे. ट्रेडमार्कची खरी फी अधिकृत पोर्टलवर भरायची असते. पत्रातल्या खात्यात पैसे भरण्याआधी आपल्या वकिलाला किंवा सीएला दाखवा. घरातून धंदा करत असाल आणि दुकान किंवा गाळ्याचा पत्ता उपलब्ध असेल, तर नोंदणीसाठी तो देणं बरं.

आता थांबवायचं कसं? इंग्लंडमध्ये ‘मेलिंग प्रेफरन्स सर्व्हिस’ नावाची नोंदवही आहे. तिथं नाव घातलं की नावानं येणारं जाहिरातीचं टपाल बरंच घटतं. अमेरिकेतही तशी सोय आहे. इंटरनेटवर याविषयी जे सल्ले मिळतात ते बहुतेक तिथले असतात आणि आपल्याकडे लागू पडत नाहीत. भारतात टपालासाठी अशी एकच नोंदवही नाही. १९०९ वर नोंदवायचं ‘डीएनडी’ (‘डू नॉट डिस्टर्ब’) फक्त फोन आणि एसएमएससाठी आहे. ते जरूर करा, पण त्यानं पाकिटं थांबणार नाहीत. आपल्याला प्रत्येक पाठवणाऱ्याला वेगळं सांगावं लागतं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण महिनाभराचं टपाल एका पिशवीत साठवून बघा. बहुतेक घरांत तेच ते चार-पाच पाठवणारे निघतात.

त्यांना ईमेल किंवा पत्र पाठवा. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘तक्रार निवारण अधिकारी’ किंवा ‘गोपनीयता धोरण’ या पानावर पत्ता मिळतो. मजकूर एवढाच पुरे:

‘आपल्याकडून माझ्या नावानं जाहिरातीचं टपाल येतं. पाकिटावरील पत्त्याच्या पट्टीचा फोटो सोबत जोडला आहे. माझं नाव व पत्ता जाहिरातीच्या यादीतून काढावा, तो अन्य कुणालाही देऊ नये, आणि तो आपल्याला कुठून मिळाला हे कळवावं. माझ्या खात्यासंबंधी आवश्यक पत्रव्यवहार असल्यास तो चालू ठेवावा.’

पत्त्याच्या पट्टीचा फोटो महत्त्वाचा, कारण तिच्यावर अनेकदा एक छोटा आकडा किंवा कोड असतो आणि त्यावरून यादीतली तुमची नोंद सापडते. शेवटचं वाक्यही महत्त्वाचं, नाहीतर जाहिरातीबरोबर खात्याचं स्टेटमेंटही बंद व्हायचं. आणि हे पत्र लिहिताना नवी माहिती देऊ नका. यादीतून नाव काढायला जन्मतारीख, पॅन किंवा आधारची प्रत लागत नाही. कुणी मागितली तर ‘आपल्याकडे जी माहिती आधीच आहे तिच्यावरूनच नोंद शोधावी’ असं कळवा. ज्या कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही, जिच्या पत्रावर धड पत्ता नाही, तिला लिहूच नये. उत्तर दिलं की इथं खरंच माणूस राहतो याची तिला खात्री पटते.

बँका आणि क्रेडिट कार्डांच्या बाबतीत आपला हात जरा वर आहे. न मागता क्रेडिट कार्ड पाठवायला रिझर्व्ह बँकेची सक्त मनाई आहे. संमतीशिवाय कार्ड दिलं, चालू केलं आणि त्याचं बिल लावलं, तर बँकेला ती रक्कम मागे घ्यावी लागतेच, शिवाय तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. हा नियम २०२२ च्या निर्देशांत आला. तेव्हा असं कार्ड आलं तर चालू करू नका, ओटीपी सांगू नका, बँकेला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही. पोरं पुण्याला नोकरीला आणि त्यांच्या नावाची कार्डं सोलापुरात आईवडिलांच्या हातात, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. आईवडिलांनी अशी पाकिटं न उघडता बाजूला ठेवावीत आणि मुलांना फोनवर सांगावं.

कायद्याचं काय, असं कुणी विचारेल. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवर प्रत्यक्ष जबाबदारी टाकणाऱ्या मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. त्या लागू झाल्या की दिलेली संमती परत घेता येईल, माहिती दुरुस्त करून किंवा पुसून मागता येईल, आणि कंपनीनं दाद दिली नाही तर माहिती संरक्षण मंडळाकडे जाता येईल. माहिती सुरक्षित ठेवण्यात हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एक मेख मात्र ध्यानात असू द्या: हा कायदा डिजिटल माहितीला लागू होतो. डब्यात पडलेलं कागदी कूपन त्यात येत नाही. ते कुणीतरी संगणकात भरल्यावर येतं. म्हणून कूपन भरतानाची सावधगिरी कायदा आल्यावरही आपल्यालाच घ्यावी लागणार.

टपाल परत पाठवण्याचा मार्गही आहे. नावानं आलेलं जाहिरातीचं पाकीट न उघडता, त्यावर ‘घेण्यास नकार, पाठवणाऱ्यास परत’ असं लिहून, सही-तारीख घालून पोस्टमनकडे द्यायचं. ‘काका, हे परत न्या की’ एवढं म्हटलं तरी समजतं. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता हवा आणि पाकीट फोडलेलं नको.

पण नकाराचं हे हत्यार जपून वापरा. इथं मी मुद्दाम थांबतो, कारण चुकीचं पाकीट परत केलं तर नुकसान मोठं होतं. नोंदणी करून आलेलं पत्र नाकारलं म्हणजे नोटीस मिळाली नाही असं कोर्टात म्हणता येत नाही. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट), १८९७ च्या कलम २७ नुसार, बरोबर पत्त्यावर नोंदणी टपालानं पाठवलेली नोटीस पोहोचली असंच गृहीत धरलं जातं, आणि ‘नकार’ असा शेरा पडला की उलट सिद्ध करणं फार कठीण जातं. यंत्रमाग आणि गारमेंटच्या धंद्यात पुढच्या तारखेचे चेक चालतात. चेक वटला नाही तर समोरचा वकिलामार्फत नोटीस पाठवतो आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस मिळतात. पाकीट परत करून बसलात तर ते १५ दिवस हातातून जातात. कर्ज थकल्यावर बँकेची जप्तीपूर्व नोटीस येते, तिची मुदत ६० दिवसांची असते, तिचंही तसंच. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. त्यामुळे आता कोर्टकचेरीचं पत्रही स्पीड पोस्टानं येतं. ज्या पाकिटासाठी सही मागतात ते घ्या, उघडा, वाचा, मग ठरवा.

आलेली नोटीस खरी की खोटी, हेही तपासता येतं. आयकर खात्याच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करता पडताळता येतो. स्पीड पोस्टाचा तेरा अक्षरांचा क्रमांक टपाल खात्याच्या संकेतस्थळावर घालून पाकीट कुठून निघालं ते बघता येतं. पत्रात छापलेल्या फोन नंबरवर मात्र पडताळणी करू नये. तो नंबर पत्र लिहिणाऱ्यानंच दिलेला असतो.

फसवणुकीच्या पत्रांमध्ये सगळ्यात जास्त चालतं ते स्क्रॅच कार्ड. ऑनलाइन खरेदीच्या एखाद्या नावाजलेल्या कंपनीच्या नावानं रंगीत पत्र येतं. आत खरवडायचं कार्ड असतं, खरवडलं की मोटार किंवा लाखो रुपये निघतात, मग बक्षीस सोडवायला ‘नोंदणी शुल्क’, ‘जीएसटी’, ‘वाहतूक खर्च’ अशा नावांखाली पैसे मागतात आणि आधार-पॅनचे फोटोही मागतात. पत्रावर तुमचं नाव आणि कधीतरी केलेल्या खरेदीचा उल्लेख असला तर विश्वास बसतो, आणि म्हणूनच माहितीची गळती रोखायची. हल्ली पत्रात क्यूआर कोडही असतो. अनोळखी पत्रातला कोड स्कॅन करू नका. न मागवलेलं पार्सल ‘पैसे देऊन सोडवा’ म्हणून आलं तर घरात सगळ्यांना विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

उरला प्रश्न फाडण्याचा. रद्दीचा कागद पुढं कुठं जातो हे सोलापूरकरांना सांगायला नको. भजी बांधून आलेल्या कागदावर कुणाचं तरी बँक स्टेटमेंट बघायला मिळतं. पाकिटातला सगळा कागद फाडत बसायची गरज नाही. नाव-पत्त्याची पट्टी, खाते किंवा पॉलिसी क्रमांक, क्यूआर आणि बारकोड, सही आणि आधी भरून आलेला अर्ज, एवढंच कात्रीनं बारीक कापा किंवा पाण्यात भिजवून लगदा करा. बाकी रद्दी. ऑनलाइन मागवलेल्या खोक्यावरची चिठ्ठीही खरवडून काढा, तिच्यावर मोबाइल नंबर असतो. झेरॉक्सच्या दुकानात खराब निघालेली आधारची प्रत तिथल्या टोपलीत सोडू नका. मोबाइलवरून फाइल पाठवली असेल तर समोर उभं राहून पुसायला लावा. जिथं चालतं तिथं फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं ‘मास्क्ड आधार’ द्या, आणि कुठलीही प्रत देताना कशासाठी व कुणाला दिली ते तारखेसह तिच्यावर आडवं लिहा.

घर बदललं की जुन्या पत्त्यावर टपाल येत राहतं. कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना १५,००० घरांचा ताबा मिळाला. पूर्व भागातल्या भाड्याच्या खोल्यांतून तिकडं गेलेल्या कुटुंबांची बँकेची पत्रं, एटीएम कार्डं जुन्या घरमालकाकडं पडत असतील तर ते जाहिरातीपेक्षा कितीतरी गंभीर आहे. आधी बँक, मग आधार, मग गॅस, विमा आणि मतदार यादी या क्रमानं पत्ता बदलून घ्या. तोपर्यंत टपाल नव्या पत्त्यावर वळवण्यासाठी जुन्या भागाच्या पोस्टात लेखी अर्ज द्या.

वारलेल्या माणसाच्या नावानं येणारं टपाल हा सगळ्यात हळवा भाग. वडील गेल्यावरही त्यांच्या नावाची कर्जाची जाहिरात दारात येते, आणि ती वाचणं जिवावर येतं. तरी घाईनं सगळं बंद करू नका. साधारण वर्षभर त्यांचं टपाल येऊ द्या, प्रत्येक पाकीट उघडा. घरच्यांना माहीत नसलेली विमा पॉलिसी, लाभांशाचं पत्र, जुनी मुदत ठेव यांचा पत्ता अनेकदा अशाच पाकिटातून लागतो. सात वर्षं न घेतलेला लाभांश सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातो, तिथून परत मिळवायला कागदपत्रांची बरीच यातायात होते. दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नावानं शोधता येतात. ही सगळी जुळवाजुळव झाली की एकेका पाठवणाऱ्याला मृत्यू दाखल्याची प्रत पाठवा, तिच्यावर ‘फक्त यादीतून नाव कमी करण्यासाठी’ असं लिहून. मतदार यादीतून नाव वगळायला नमुना ७ भरायचा असतो, तो ऑनलाइनही भरता येतो.